इटली पाहायची तर फ्लॉरेन्सपासून

कोल्हापुरातून युरोपला जाणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे, आणि त्यातले बहुतेक जण सहल कंपनीच्या गटाबरोबर जातात. अशा सहलीत इटलीच्या वाट्याला फार तर तीन-चार दिवस येतात. रोमचे कोलोसियम, पिसाचा कलता मनोरा, व्हेनिसची गोंडोला आणि वाटेत एखाद्या भारतीय उपाहारगृहातली पनीरची भाजी एवढे उरकले, की इटली ‘झाली’ असे समजले जाते. माझी तक्रार या घाईबद्दल फारशी नाही, कारण प्रत्येकाची रजा आणि खिसा वेगळा असतो. तक्रार क्रमाबद्दल आहे. रोमपासून सुरुवात केली, की इटली हे रोमन साम्राज्यापासून चालत आलेले एकच एक राष्ट्र आहे असा समज होतो, आणि तो मनात धरून फिरणाऱ्याला त्या देशाचा स्वभाव शेवटपर्यंत हाती लागत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की इटली नावाचे राज्य १८६१ साली अस्तित्वात आले. त्याआधी त्या भूभागावर राजे, ड्यूक, पोप आणि ऑस्ट्रियाचा सम्राट अशा अनेकांची सत्ता होती. व्हेनिस या राज्यात आले १८६६ मध्ये आणि रोम तर १८७० मध्ये. राजधानीसुद्धा प्रथम तोरिनो, मग १८६५ पासून फ्लॉरेन्स आणि १८७१ पासून रोम अशी हलत राहिली. त्यामुळे इटालियन माणूस आधी आपल्या शहराचा असतो आणि मग देशाचा. त्याचा पाव, त्याची बोली, त्याच्या गावाचा संत आणि शेजारच्या गावाशी असलेले जुने वैर या सगळ्या गोष्टी शहरागणिक बदलतात. म्हणून माझा आग्रह असा, की थोडी शहरे निवडावीत, प्रत्येक ठिकाणी निवांत राहावे आणि सुरुवात फ्लॉरेन्सपासून करावी.

कोल्हापूरकरांना फ्लॉरेन्स सुचवण्यामागे एक कारण खास आपले आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासाला गेले होते. येथे शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज अभिप्रेत नाहीत. १८६६ मध्ये गादीवर आलेले, शाहू महाराजांच्याही आधीचे हे राजाराम महाराज होत. परतीच्या वाटेवर ते फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, जेमतेम विशीत, तिथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती आणि इटलीच्या सैन्याने रोम घेऊन दोन-सव्वादोन महिनेच झाले होते. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार करायचे म्हणजे अधिकाऱ्यांची खास परवानगी हवी होती. ती मिळाली, आणि आर्नो नदीला मुन्योने ही लहान नदी जिथे मिळते त्या संगमावर महाराजांना अग्नी देण्यात आला. १८७४ मध्ये त्याच जागी त्यांचे स्मारक उभे राहिले.

हे स्मारक कॅशिने नावाच्या उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. उद्यान नदीच्या काठाने सुमारे साडेतीन किलोमीटर लांब पसरलेले असून ट्राम शहराकडच्या टोकाला उतरवते, तेव्हा उरलेले अंतर झाडांखालून चालत किंवा भाड्याच्या सायकलीने कापावे लागते. मंगळवारी सकाळी याच उद्यानात कपड्यांपासून चीजपर्यंत सगळे विकणारा मोठा आठवडी बाजार भरतो, म्हणून आम्ही मुद्दाम मंगळवार निवडला होता. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती बाजारात इतकी रमली की छत्रीपाशी पोहोचेपर्यंत दुपार झाली. चौथऱ्यावर खांबांनी तोललेली, घुमटाची छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा अशी ही रचना आहे. पुतळा पांढरा संगमरवरी असेल अशी अपेक्षा घेऊन जाणारा माणूस जरा चकित होतो, कारण पगडी, अंगरखा आणि गळ्यातले दागिने या सगळ्यांना रंग दिलेला आहे. पुतळा घडवला तो फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने आणि छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मांट यांनी.

मांट हे नाव कोल्हापुरात नवे नाही. आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ही त्यांचीच कामे आहेत. छत्री पाहताना आपल्याला नव्या राजवाड्याची आठवण येते, पण काळाच्या हिशेबाने ते उलटे आहे. राजवाड्याचे बांधकाम १८७७ मध्ये सुरू झाले, म्हणजे फ्लॉरेन्सची छत्री राजवाड्यापेक्षा आधीची आहे. छत्रीच्या जवळून आर्नोवर जाणारा तारांनी तोललेला मोठा पूल १९७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला ‘त्या भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव मिळाले. हा भारतीय कोण, असे मी उद्यानात फिरायला आलेल्या दोघा-तिघांना विचारले, तेव्हा कुणीतरी राजपुत्र एवढेच त्यांना सांगता आले. कोल्हापूर कुठे आहे हे मग अक्काने त्यांना मोबाइलवरच्या नकाशात दाखवले.

आता खुद्द शहराकडे वळते. फ्लॉरेन्सची ओळख म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा विटांचा घुमट. चर्चची भिंत बांधून झाली होती, पण सुमारे ४५ मीटर रुंदीच्या अष्टकोनी मोकळ्या जागेवर घुमट चढवायचा कसा, हे कुणाला उमगत नव्हते. कारण एवढ्या मोठ्या कमानीला खालून आधार देणारा लाकडी सांगाडा उभारणे जवळजवळ अशक्य होते. सोनारकामात तयार झालेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने १४२० ते १४३६ या काळात असा सांगाडा न वापरता घुमट बांधून दाखवला. एकात एक अशी दोन कवचे आणि ठरावीक अंतराने उभ्या लावलेल्या विटांची तिरकी गुंफण ही त्यामागची युक्ती होती. ४६३ पायऱ्या चढून वर जाताना वाट या दोन कवचांच्या मधूनच जाते, आणि अगदी हाताच्या अंतरावर ती विटांची गुंफण दिसते. गुडघे साथ देत असतील तर संग्रहालयातला एखादा तास कमी करावा, पण हा चढ टाळू नये. उफिझी कलासंग्रहालय आणि मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा यांबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालण्यासारखे काही नाही. डेव्हिडची उंची पाच मीटरांच्या वर आहे हे छायाचित्रांत मुळीच कळत नाही, एवढे मात्र नोंदवते.

फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांतून हिंडताना भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्याही बऱ्याच वर, संगमरवराच्या लहान पाट्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचे पाणी इथपर्यंत आले होते, असे एक रेघ ओढून त्यावर कोरलेले असते. सांता क्रोचे चर्चच्या परिसरात ही रेघ इतकी उंच आहे की मान मागे टाकून पाहावी लागते. त्या पुरात हजारो जुने ग्रंथ आणि चित्रे चिखलात गेली आणि देशोदेशींचे तरुण ती बाहेर काढायला धावून आले. पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली हे पाहणाऱ्या कोल्हापूरकरांना त्या पाटीचा अर्थ समजायला भाषांतर लागत नाही.

याच सांता क्रोचे चर्चच्या आवारात चामड्याच्या कामाची शाळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हाताला काम मिळावे म्हणून तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी चर्मोद्योगातल्या कुटुंबांच्या मदतीने ती सुरू केली. आजही तिथे कारागीर पाकिटे आणि पिशव्या कापताना, शिवताना पाहता येतात. फ्लॉरेन्सपासून पिसाकडे जाताना आर्नोच्या काठाने चामडे कमावण्याचे मोठे कारखाने आहेत आणि तिथे वनस्पतींच्या अर्काने, विशेषतः चेस्टनटच्या लाकडाच्या अर्काने, कातडे कमावण्याची पद्धत टिकून आहे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, म्हणजे मूळ विद्या एकच आहे. फरक पडतो तो किमतीत आणि मानात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका मोठ्या फॅशन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि आरंभी त्यांच्या उगमाचा उल्लेखही केला नाही, तेव्हा इथे उठलेला संताप सर्वांना आठवत असेल. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन हाताशी असूनही आपल्या कारागिराला दाम मिळत नाही, हे दुखणे मात्र मिलानचे नव्हे, आपले आहे. फ्लॉरेन्सच्या बाजारात चामड्याची वस्तू घेताना अक्का कडेची शिवण आणि कापलेला काठ निरखून पाहत होती आणि रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांना तिने तिथेच बाद केले.

फ्लॉरेन्सहून बसने सव्वा तासावर सिएना आहे आणि इटलीचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर माझ्या मते याहून चांगली जागा नाही. हे छोटे शहर १७ मोहल्ल्यांत विभागलेले आहे. हंस, गोगलगाय, कासव, लांडगी, गरुड अशी त्यांची चिन्हे आहेत आणि त्यांच्या सीमा १७२९ च्या हुकुमाने ठरून गेल्या आहेत. प्रत्येक मोहल्ल्याला स्वतःचे चर्च, स्वतःचे छोटे संग्रहालय आणि स्वतःचे रंग असतात, आणि बहुतेकांना ठरलेला शत्रूही असतो. दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला शहराच्या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकात माती पसरून घोड्यांची शर्यत होते. एका वेळी १० मोहल्लेच धावतात. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले जातात आणि स्वार भाड्याने आणलेले असतात. चौकाला तीन फेऱ्या, खोगिराशिवाय, दीड मिनिटाच्या आत सगळे संपते. स्वार पडला आणि घोडा एकटाच पुढे आला तरी तो मोहल्ला जिंकतो. बक्षीस म्हणून मिळतो तो रंगवलेला रेशमी पट, पैसे नाहीत. दुसरा येणारा हा सर्वांत मोठा पराभूत समजला जातो.

हे ऐकून परदेशी पाहुणे नवल करतात, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना ज्याने पाहिला आहे त्याला नवल वाटण्याचे कारण नाही. तालमीचा झेंडा, पेठेची इभ्रत, पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ईर्षा आणि सामना संपल्यावर गल्लीत रात्री उशिरापर्यंत चालणारी चर्चा ही जशी आपली, तशीच ती सिएनाची आहे. आम्ही शर्यतीच्या दिवसांत गेलो नव्हतो, आणि खरे सांगायचे तर मध्यमवयीन माणसाने त्या दिवशी जाऊही नये. चौकाच्या मधोमध फुकट उभे राहता येते, पण भर उन्हात कित्येक तास तिथून हलता येत नाही. इतर दिवशी एखाद्या मोहल्ल्याच्या संग्रहालयात जिंकलेले पट पाहावेत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला त्यांच्या मोहल्ल्याच्या चर्चमध्ये नेले आणि शर्यतीपूर्वी घोड्याला आशीर्वादासाठी ज्या दारातून आत आणतात ते दार दाखवले. शेजारच्या मोहल्ल्याचे नाव काढताच मात्र ते गप्प झाले.

सिएनाच्या दक्षिणेला ओर्चा नदीचे खोरे आहे. गोलाकार टेकड्या, त्यांच्या माथ्यावर एकेकटे शेतघर आणि तिथवर जाणारी सरूच्या झाडांची रांग हे जे दृश्य दिनदर्शिकांवर असते ते येथलेच. हे निसर्गदृश्य निव्वळ निसर्गाचे नाही. सिएनाच्या धनिकांनी १४व्या-१५व्या शतकांत ही जमीन लागवडीखाली आणताना ती डोळ्यांना कशी दिसेल याचाही विचार केला होता, आणि म्हणूनच युनेस्कोने २००४ मध्ये या खोऱ्याला जागतिक वारशात घेतले. मे महिन्यात गहू हिरवा असताना जावे. जुलैत सगळे पिवळे पडते. ज्यांना खरे डोंगर हवेत त्यांनी थेट उत्तरेला डोलोमाइट्समध्ये जावे. संध्याकाळच्या उन्हात तिथले फिकट सुळके गुलाबी होतात आणि त्यांच्या पायथ्याच्या गावांत पाट्या इटालियनबरोबर जर्मन भाषेतही असतात, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाचा होता. कोमो आणि गार्दा ही सरोवरे सुंदर आहेत, पण गर्दी आणि दर पाहता मला ती वगळण्याजोगी वाटली.

व्हेनिसबद्दल एकच आग्रह आहे, तो म्हणजे रात्री मुक्काम करावा. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांनी हे शहर इतके गजबजते की २०२४ पासून ठरावीक दिवशी अशा पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. संध्याकाळी सहानंतर गल्ल्या रिकाम्या होतात आणि तेव्हा हे शहर राहणाऱ्यांचे दिसू लागते. शंभराहून अधिक लहान बेटे, ४०० च्या वर पूल आणि एकही मोटार नाही. रुग्णवाहिका, कचऱ्याची गाडी आणि भाजीचा पुरवठा सगळे होडीने चालते. इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभ्या आहेत, आणि त्या चिखलात प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे लाकूड शतकानुशतके कुजत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने आपली दैना केली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हेनिसमध्ये भरतीचे पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समुद्राच्या तोंडाशी बसवलेले उचलते दरवाजे प्रथमच वापरून शहर कोरडे ठेवण्यात आले. गोंडोलाचे दर अवाच्या सवा असतात; सार्वजनिक बोटीत पुढच्या बाजूला जागा मिळाली तर मोठा कालवा त्या तिकिटात पाहून होतो.

रोमला मी शेवटी ठेवले, आणि तसेच करावे असे सुचवीन. तिथे पाहण्यासारखे इतके आहे की निवड करणे हाच खरा प्रश्न असतो. मला विचाराल तर कोलोसियम बाहेरून पाहिले तरी चालेल, पँथिऑन मात्र आत जाऊन पाहावे. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधलेल्या या देवळाचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच आहे. तो काँक्रीटचा असून त्यात लोखंडी सळई नाही. वर जावे तसतसे मिश्रणात हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरत गेल्यामुळे तो स्वतःचा भार पेलतो. माथ्यावर उघडे वर्तुळ आहे, त्यातून ऊन येते तसा पाऊसही येतो, आणि किंचित फुगीर फरशीत पाणी जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली आहेत. इटली एक करणारा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याची समाधी याच वास्तूत आहे. फ्लॉरेन्स, सिएना आणि व्हेनिस पाहून झाल्यावर त्या समाधीपुढे उभे राहिले, की त्याने किती अवघड मोट बांधली होती हे लक्षात येते.

खाण्याची चिंता बहुतेकांना असते. शाकाहारी माणसाचे इटलीत हाल होत नाहीत, पण काही गोष्टी माहीत असाव्यात. पार्मेझान चीज वासराच्या जठरातले, दूध साकळवणारे रेनेट घालून करतात, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांनी ते नको म्हणून आधीच सांगावे. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, वाळवलेल्या पास्त्यात साधारणपणे नसते. सिएनाकडचा पिची हा जाडसर पास्ता बहुधा नुसत्या पिठाचा आणि पाण्याचा असतो, आणि तो लसूण-टोमॅटोच्या रश्शात घेतला तर आपल्या जिभेला जवळचा वाटतो. फ्लॉरेन्स आणि सिएना ज्यात येतात त्या तोस्काना प्रांताचा पाव अळणी असतो. पहिल्या दिवशी अक्काला वाटले की भटारखान्यात मीठ घालायचे राहून गेले. दुसऱ्या दिवसापासून ती त्यावर ऑलिव्हचे तेल ओतून वर घरची कांदा-लसूण चटणी पसरू लागली, आणि घरमालकिणीने मागून खाल्ल्यावर बाटली निम्मी रिकामी झाली. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्यावी, कारण टेबलाशी बसले की दर वाढतो. दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसातनंतर, या वेळा चुकल्या तर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद मिळते. नेपल्सला गेलात तर मारिनारा पिझ्झा खावा. त्यात चीज नसते, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असते. जवळच पाँपेईत दोन हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेले चर आणि बेकऱ्यांच्या भट्ट्या पाहता येतात, आणि त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून तयारी काही महिने आधी सुरू करावी. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे काळ उत्तम. ऑगस्टच्या मध्यात तिथली निम्मी दुकाने सुट्टीवर असतात. शहरांमधला प्रवास रेल्वेने करावा. जलद गाडीने रोम ते फ्लॉरेन्स अंतर दीड तासात कापले जाते आणि तिकीट लवकर काढले तर स्वस्त पडते. स्थानिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. घुमटाचे, उफिझीचे आणि डेव्हिडचे आरक्षण घरून करून निघावे. उफिझी आणि डेव्हिड ठेवलेले संग्रहालय ही दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवारी सकाळी फ्लॉरेन्सच्या स्टेशनाजवळून सिएनाची बस धरावी.